गव्हाच्या घरातली सून

सकाळची धांदल चालली होती. नवरा भट्टीतून पावाच्या लाद्या काढत होता आणि बेकरीवाल्यांची सून काउंटरमागे उभी राहून गरम पाव कागदात बांधत होती. एका जुन्या गिऱ्हाईक बाईने तिच्या पोटाकडे बघून डोळे मिचकावले.

"काय गं, कितवा महिना?"

"कसला महिना मावशी, पोट फुगलंय नुसतं."

मावशी ओशाळली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "फुगतंच फक्त! टिकत काही नाही."

सून खाली मान घालून दोरी बांधत राहिली. तीनदा तिला दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा पोट दिसायच्या आतच सगळं संपलं होतं. तोंड कायम आलेलं, केस मूठमूठ गळायचे, रक्तवाढीच्या गोळ्या किती घेतल्या तरी चेहरा पांढराफटकच. सासूबाई जिभेने तिखट होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. सुनेच्या अंगात ताकद यावी म्हणून रोज दुधात कुस्करलेला पाव त्या तिच्यासमोर ठेवायच्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलायच्या नाहीत.

त्याच दुपारी ती काउंटरवरच कोसळली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पुढे दुर्बिणीने आतडंही तपासलं आणि नवरा-बायकोला समोर बसवलं. "याला सीलिअ‍ॅक म्हणतात. गव्हात, जवात ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. दिवस न राहणं, राहिलेले न टिकणं, यामागेही हे असू शकतं. जन्मभर गहू बंद. चिमूटभरसुद्धा नाही. पथ्य नीट पाळलं तर पुष्कळजणींची बाळंतपणं सुखरूप होतात. आणि हो, हे रक्ताच्या नात्यात उतरतं. हिच्या आईला, बहिणीला तपासून घ्या."

घरी सासूबाई आधी हसल्या, मग चिडल्या. "तीन पिढ्या गव्हावर जगलो आम्ही, आणि हिला म्हणे गहू बाधतो! नखरे आहेत नखरे."

"डॉक्टर म्हणाल्या ना, आई," नवरा पुटपुटला. सासूबाईंनी नुसतं वळून पाहिलं आणि तो भट्टीकडे निघून गेला.

सुनेने स्वतःसाठी वेगळं पातेलं घेतलं. भात, भाजी, सूप एवढ्यावर राहू लागली. नवऱ्याने तिला काउंटरवरून हलवलं. तेवढं मात्र त्याने केलं. हळूहळू तोंड बरं झालं, गालांवर रंग आला आणि तिला पुन्हा दिवस गेले. चौथा महिना सरला, बाळ हलू लागलं. सासूबाई हरखून गेल्या. "आता चुलीपाशी यायचं नाही," असं बजावून तिचा स्वयंपाक त्यांनी स्वतःच्या हाती घेतला.

काही आठवड्यांत तिचं पोट पुन्हा फुगू लागलं, जुलाब सुरू झाले. पोटुशीला असं व्हायचंच, असं सगळे म्हणाले. सहाव्या महिन्यात बाळ गेलं.

इस्पितळात सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी काय कमी केलं? रोज सुपात मूठभर कणीक लावत होते. नुसत्या पाण्यावर पोर कसं वाढणार?"

सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने ते ऐकलं. "त्यानेच गेलं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मी चिमूटभरही नको म्हटलं होतं."

विश्रांतीसाठी ती माहेरी आली आणि पाठोपाठ सासूबाई येऊन बसल्या. "हिला आता इथेच राहू दे. धाकटी आम्हाला द्या. नातं तुटायला नको."

वडिलांनी बायकोकडे पाहिलं आणि मान डोलावली. थोरलीचा घटस्फोट, धाकटीचं लग्न, दोन्ही एका चहात ठरलं. धाकटी, जिला सगळे चिमणी म्हणत, दाराआड उभी होती. तिचेही ओठ पांढरे होते.

"तिची तपासणी झाल्याशिवाय नाही," थोरली म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी?" वडील गरजले.

दुसऱ्या दिवशी ती चिमणीला भाजी आणायला म्हणून बाहेर घेऊन गेली आणि थेट इस्पितळात पोचली. पुढे निदान तेच निघालं. सासूबाईंनी परस्पर निरोप धाडला, "दोघीही नासक्याच." नवरा एकदा तिचे कपडे पोचवायला आला. उंबऱ्यातच बॅग ठेवून म्हणाला, "माझं काही चालत नाही गं." आणि खरोखरच कधी चाललं नव्हतं. वडिलांनी मुलींशी बोलणं टाकलं.

आई मात्र रोजच्यासारखी परात घेऊन बसायची. एके दिवशी चिमणी तिच्याजवळ टेकली. "आई, तूही तपासून घे ना. डॉक्टर म्हणाल्यात."

"आता या वयात काय करायचंय कळून?"

थोरली म्हणाली, "आमच्या आधीची तुझी दोन गेली ना, आई? कदाचित तीही यानेच."

आईचे हात पिठात थांबले. त्या दोघांबद्दल या घरात कुणी बोलत नसे. बोललं गेलं ते तेव्हाच, आणि तेही एकच वाक्य: हिचाच पायगुण. तिची सासू म्हणाली, नणंदा म्हणाल्या, पुढे नवरा म्हणाला, आणि आयुष्यभर तिने खालमानेने ते मान्य केलं होतं.

मग तिने पोरींकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखं हळूच विचारलं,

"म्हणजे... मी नव्हते मारलं त्यांना?"

थोरलीने तिचे पिठाने माखलेले हात धरले. शेजारच्या खोलीत वडील खाकरले आणि त्यांनी रेडिओचा आवाज मोठा केला.