बोक्याच्या टाकीची जाड भिंत

मी ॲक्रिलिकची शीट बोलतेय. इकडे तिकडे शोधू नका, तुम्ही माझ्यातूनच बघताय. आणि हो, मी जाड आहे. चांगली पंचवीस मिलिमीटर. जाडीचा विषय निघाला की माणसं पोट आत घेतात. मी घेत नाही. जाड आहे म्हणून तर आज इथे ताठ उभी आहे.

माझा जन्म दोन काचांच्या मधे झाला. पाकासारखा दाट रस त्यांच्यात ओतला, कडा बंद केल्या आणि सगळं ऊबदार पाण्यात ठेवून दिलं. माझ्या पातळ बहिणी भराभर घट्ट होऊन बाहेर पडल्या. मला घाई चालत नव्हती. घाई केली की अंगात बुडबुडे राहतात आणि ते जन्मभर दिसतात. कारखान्यातल्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून माझ्याकडे लक्ष दिलं, मग दोन्ही बाजूंना कागद चिकटवून मला रवाना केलं.

मी आले एका टाकीवाल्याकडे. माशांच्या टाक्या, दुकानात मांडायच्या पारदर्शक पेट्या असं काहीबाही तो करायचा. हाताला कसब होतं, पण समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की तो मान डोलवून मोकळा व्हायचा. त्याने मला दोन लाकडी तिवयांवर आडवं टाकलं. गिऱ्हाईक यायचं, मला टिचकी मारायचं, ‘बापरे, केवढी जाड!’ म्हणायचं आणि पातळ बहिणींकडे वळायचं. हळूहळू माझं टेबल झालं. माझ्यावर डबे उघडले गेले, चहाची वर्तुळं उमटली. एकदा एकाने माझ्यावर बसून बुटाचे बंद बांधले. मी सगळं गिळून पडून राहिले.

मग एके दिवशी ती आली. हातात स्टीलची पट्टी, बोटांना सरस, मागे सासरे. फोटो आणि चित्रांना फ्रेम करून द्यायचा तिचा व्यवसाय. आल्या आल्या तिने टाकीवाल्याला घरची कहाणी सांगितली.

तिच्या सासूबाईंनी कधीतरी एक मासा आणला होता, अंगठ्याएवढा. तोंडाला लांब मिशा, म्हणून नाव पडलं बोका. अंगठ्याचा हातभर झाला, टाकी मात्र तीच राहिली. आता वळायचं म्हटलं की त्याचं नाक काचेला घासायचं आणि पाठीला बाक यायचा. सासूबाई गेल्या. आजोबा, म्हणजे हे सासरे, तेव्हापासून दिवसभर खुर्चीत. सकाळी बोक्याशी काय ते बोलायचे. घरच्यांच्या वाट्याला ‘हो’, ‘नको’ आणि ‘चालेल’ एवढंच. बागेतल्या मत्स्यालयाचे लोक बोक्याला न्यायला तयार होते. “न्या,” असं आजोबा इतक्या पटकन म्हणाले, की सुनेच्या काळजात चर्र झालं.

“तो गेला तर आमच्या बाबांचं बोलणंच संपेल,” ती हळूच म्हणाली. आजोबा तेव्हा दाराशी उभे राहून रस्ता बघत होते. “मला मोठी टाकी हवी. लांब आणि उंच. खुर्चीत बसल्या बसल्या बाबांना सगळं दिसलं पाहिजे.”

“उंच म्हणजे किती उंच, ताई?”

तिने हात छातीपर्यंत नेला. टाकीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरची बरणी उचलून तो म्हणाला, “मग ही घ्यावी लागेल बहुतेक.”

तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. “ही? ही तर पाटासारखी आहे! अहो, मी रोज ॲक्रिलिक कापते. जितकं पातळ तितकं चित्र जवळ येतं. फ्रेमला मी दोन मिलिमीटर लावते. इथे बारा लावा, म्हणजे डोक्यावरून पाणी.”

डोक्यावरून पाणी! पुढे काय होणार होतं ते तिला कुठे ठाऊक. टाकीवाल्याने नेहमीसारखी मान डोलवली आणि माझ्यावर बरणी परत ठेवली. राग दोघांचाही आला मला. तिचं प्रेम खरं होतं, पण तिने बोक्याचं चित्र करायला घेतलं होतं. आणि चित्र कधी आतून ढकलत नाही. पाणी ढकलतं. ते किती लिटर आहे याच्याशी मला फारसं देणंघेणं नसतं. ते किती उंच उभं आहे हे मला विचारा. जितकी उंची तितका तळाशी रेटा, आणि भिंत लांब असेल तर मधला भाग बिचारा एकटाच तो सोसत बसतो.

टाकी तयार झाली. माझी बारा मिलिमीटरची बहीण पुढे उभी राहिली, अशी नितळ की मलासुद्धा हेवा वाटला. घरी न्यायच्या आधी दुकानातच पाणी भरून बघायचं ठरलं. सून आली, आजोबाही आले आणि एका उलट्या बादलीवर बसले. टाकीवाल्याने नळी सोडली.

निम्म्यापर्यंत सगळं छान होतं. सून हसत होती. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. समोरच्या खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब टाकीच्या पुढच्या बाजूवर पडलं होतं, आणि ते गज वाकायला लागले होते. दिवसभर सरळ रेषा बघणारा डोळा तो, फसेल कसा? तिने आपली स्टीलची पट्टी आडवी लावली. मधे पट्टी टेकली, दोन्ही टोकांना मात्र बोट जाईल एवढी फट.

“पोट आलंय,” ती म्हणाली.

“थोडं येतंच, ताई. लगेच काही फुटायची नाही.”

“लगेच म्हणजे?”

खालच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर एक पांढुरकी रेघ उमटली होती, म्हणजे जोड सुटायला लागला होता. तिने ती पाहिली, त्यानेही पाहिली. त्याने धावत जाऊन नळ बंद केला आणि पाणी उपसायला घेतलं. बहिणीचं पोट हळूहळू आत गेलं. तिची चूक काहीच नव्हती. न झेपणारं काम तिच्या गळ्यात मारलं होतं.

“मी बोलायला हवं होतं,” टाकीवाला पुटपुटला. “तुम्ही एवढ्या ठामपणे म्हणालात...”

सून माझ्यावरच बसली, अगदी मटकन. “जाड शीट लावून करा ना, आहे तशीच उंच.”

“एवढी जाड शीट माझ्याकडे ही एकच आहे, ताई. आखूड बाजूंना उरलेले जाड तुकडे आहेत. पण पुढची आणि मागची भिंत मिळून एवढ्या उंचीला ही पुरायची नाही.”

तिचा बांध फुटला. “बाबा, माझ्याने नाही जमलं हो. देऊन टाकू बोक्याला. मत्स्यालयात तरी जागा मिळेल त्याला.”

आजोबा बादलीवरून उठले. ‘चालेल’ म्हणतील असं मला वाटलं. सुनेलाही तेच वाटलं असणार, कारण तिने डोळे मिटून घेतले.

“एवढी उंच कुणासाठी गं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठी. खुर्चीतून नीट दिसावा म्हणून.”

“बोका तळाशी असतो. वर येतो तो खाण्यापुरता. त्याला उंची नको, लांबी-रुंदी हवी.” एवढं बोलून त्यांना दम लागल्यासारखं झालं. मग म्हणाले, “बुटकी कर. मी खाली बसेन.”

सुनेने डोळे पुसले. तिने बाबांसाठी काय काय केलं होतं. बाबांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

माझ्यावरचे डबे उतरले, कागद सोलला गेला. मला मधून लांबीच्या दिशेने चिरलं, कडा घासून आरशासारख्या केल्या. माझा एक अर्धा पुढे लागला, एक मागे. त्यामुळे बोक्याला मी दोन्हीकडून बघते. पाणी भरलं तेव्हा सून पट्टी घेऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. पट्टी टोकापासून टोकापर्यंत टेकली. टाकीवाल्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने कपाळ पुसलं.

आता मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. अंगावर ओरखडे आहेत, कारण शेवाळं पुसताना फडक्यात वाळूचा कण अडकला की आम्हांला लगेच चरा पडतो. नातेवाईक येतात, म्हणतात, ‘आम्हांलाही अशी करायची आहे, किती जाड लावू?’ त्यांना माझं एवढंच सांगणं: आधी आत कोण राहणार ते बघा, मग पाण्याची उंची ठरवा, मग जाडी. आणि जाडीत हात आखडू नका. पातळ भिंत सुंदर दिसते, पण तिच्याकडे पाठ करून निवांत बसता येत नाही.

सांगायचं एक राहिलंच. बोक्याला माझ्यात सोडलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. बोका हललाच नाही. एका कोपऱ्यात गेला आणि जुन्या टाकीएवढ्याच जागेत, तसाच पाठ वाकवून वळत राहिला. जणू काचा अजून तिथेच होत्या. बरेच दिवस असंच चाललं. सुनेने हात टेकले. ती कामाला दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, तिला ते बघवत नव्हतं. आजोबा मात्र रोज खुर्चीतून उठायचे, माझ्यापुढे सतरंजीवर बसायचे आणि बोका कोपरा कधी सोडतो ते बघत थांबायचे. मला त्या दोघांकडे बघून कळेना की कोण कुणाला धीर देतंय.

एका दुपारी बोक्याची मिशी पुढे आली. मग डोकं. तो कोपरा सोडून निघाला, सरळ, पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिथे पाठ न वाकवता, नाक न घासता, आरामात भलामोठा वळसा घेऊन परत आला.

“सूनबाई!”

घरात एवढा मोठा आवाज कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता. ती सरसाचे हात तसेच घेऊन धावत आली. बाबा पडले अशीच तिची खात्री झाली होती. बाबा सतरंजीवर बसून माझ्याकडे बोट दाखवत होते.

“वळला बघ,” ते म्हणाले. “बस ना खाली. अजून एकदा वळेल. तुझ्या सासूने याला आणला तो दिवस सांगतो तुला.”

ती बसली, आणि आजोबा दिवेलागणीपर्यंत बोलत होते.