छतातलं वेटोळं

बशीएवढा पांढरा अँटेना... छताला चिकटलेला, इतका गरीब चेहऱ्याचा की दिवा काढून नेल्यावर उरलेलं झाकण वाटावं – आणि असे ऑफिसच्या या मजल्यावर ठिकठिकाणी, तिने, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून, एकेक जागा हेरून बसवून घेतलेले. एकच दणकट अँटेना मधोमध उभा करून त्याला ओरडायला लावायचं, की बरेच छोटे विखरून प्रत्येक फोनच्या कानाशी हळू बोलायचं? तेवढ्याच लहरींवर दुसऱ्या रीतीने कितीतरी जास्त माणसांचं काम भागेल, असं तिचं गणित. आज मोजणी – कोपऱ्याकोपऱ्यात फोनला किती वेग मिळतो त्याची. आकडा आला नाही तर साहेब मधोमधवालाच बसवणार – आणि मग तिने, नवऱ्यालाही न सांगता, ठरवून टाकलं होतं... सरळ घरी बसायचं. बाळाजवळ, तिच्या ढब्बूजवळ.

मोजणीचं यंत्र चाकांच्या गाडीवर होतं. ती ढकलत निघाली, वळणावर आपसूक हळू झाली, गाडी बाबागाडीसारखी जराशी झुलवलीसुद्धा – आणि मागून साहेब शांतपणे म्हणाले, "झोपली का?"

हसली ती. पण टोकाच्या बोळात आकडा धाडकन पडला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आणि तिला – तिची तिलाच लाज वाटली – सुटल्यासारखं झालं... संपलं एकदाचं, आता घर, त्याच्या मानेच्या वळीतला दुधाचा वास, दुपारभर... पण डोकं मेलं ऐकेना. हे सगळे छोटे एका तालात बोलले तरच बळ; एकाचाही आवाज जरा मागून आला तरी दुसऱ्याचं बोलणं पुसतो. मागून येतोय कोण?

तिने स्टूल ओढलं, छताची फळी सरकवली. वर धुळीत केबलचं गुबगुबीत वेटोळं. नकाशावरची लांबी तिने यंत्रणेत भरली होती. ही जास्तीची कुणाच्या हिशेबातच नव्हती; तेवढी वाट चालून इथली लहर मागून पोचत होती.

"कापायला जीव होईना, ताई," स्टूल धरून उभा असलेला वायरमन खाली मान घालून म्हणाला. "पुढेमागे लागली तर?"

तिला त्याचा राग येईना. तिनेही ढब्बूची आखूड झालेली झबली कुठे टाकली होती? वेटोळं मोजलं, खरी लांबी भरली, पुन्हा गाडी ढकलली... आकडा चढला, चढतच राहिला, तिच्या गणिताच्याही वर.

"मधोमधवाला रद्द," साहेब म्हणाले. "पुढचे मजले तुम्हीच बघायचे."

म्हणजे घरी बसायला आता सबब उरली नाही. जिन्यात येऊन तिने सासूबाईंना फोन लावला. जेवला, खेळला, आता आजोबांच्या पोटावर पसरलाय, त्या सांगत होत्या.

"माझी आठवण काढली?"

"खोटं कशाला बोलू? नाही बाई."

ती कठड्याला टेकली. आता वाईट वाटेल म्हणून थांबली – शिंक येता येता अडावी तशी, तोंड अर्धवट उघडं ठेवून... जरासं दुखलंही, डावीकडे, दूध भरून येतं तिथे. पण वर येत होतं ते हसू. आणि ते आवरावं असं तिला, कितीतरी दिवसांनी, वाटत नव्हतं...