पुढचा माणूस

गुडघ्यांवर बसूनच गुल्वेनने एर्वानच्या हातातली कुदळ काढून घेतली. पाळी एर्वानची होती, पण तीन दिवसांपासून त्याचे हात थरथरत होते. कुदळ मातीत कमी आणि दगडावर जास्त आपटत होती.

"मागे जा. चौथ्या जागेवर बस."

"लोक काय म्हणतील?"

"इथं कुठले आलेत लोक? आपण चौघं."

वेढा घातलेल्या सेवास्तोपोल शहराचा बुरूज आता दीडशे पावलांवर होता. पुढचा माणूस फांद्यांनी ठासलेली भलीमोठी टोपली ढकलत, तिच्या आडून हातभर चर खणायचा. बाजूला रिकामी टोपली उभी करून ती मातीने भरायचा. मागचे तिघे तोच चर खोल करत यायचे. रशियन बंदुका पुढच्यालाच टिपायच्या.

गुल्वेनला खणण्याचं नवल नव्हतं. फ्रान्समध्ये गावाकडे तो विहिरी खणायचा. एर्वान त्याच गावातल्या सुताराचा मुलगा.

भर दुपारी उखळी तोफेचा गोळा उंचावरून आला आणि चौथ्या जागेवरच फुटला.

चर इतका अरुंद की एर्वानचा मृतदेह मागच्या मागेच ओढून न्यावा लागला. काम थांबवायचं नाही, असा निरोप आला. गुल्वेनने एकदा वळून पाहिलं आणि पुढची टोपली उभी केली.

वर्षभराने तो गावी परतला, तेव्हा एर्वानच्या आईने त्याला घरी बोलावलं. त्याच्या आधी आलेल्या एका शिपायाने गावभर सांगितलं होतं, की एर्वान मागे लपून बसला होता. तेव्हापासून तिने चर्चला जाणं सोडलं होतं.

"तू शेजारी होतास त्याच्या," ती म्हणाली. "पुढे कोण होतं?"

गुल्वेनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एर्वान. पाळी त्याचीच होती."

"आणि तू?"

"मी मागे. चौथ्या जागेवर."

"म्हणजे लपून बसला तो तू."

त्याने मांडीवरची टोपी उचलली. ती उठली आणि तिने दार उघडून धरलं.

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसली.

त्या वर्षी गावात तीन विहिरी निघाल्या. गुल्वेनला कोणी बोलावलं नाही. उजाडताच खांद्यावर दोर टाकून तो नदीपलीकडच्या गावांना जायचा, तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.