छपरावरचे सासरे

आमच्या ओत-कोंब या डोंगरातल्या गावात हिवाळ्यात मेलेल्याला माती मिळत नाही. जमीन अशी गोठते की कुदळ उसळून अंगावर येते. मग प्रेत चादरीत शिवायचं आणि मे महिन्यापर्यंत छपरावरच्या बर्फात ठेवायचं. माझे सासरे आन्तेल्म एकोणीसशे चव्वेचाळीसच्या जानेवारीत, लढाई चालू असताना गेले आणि धुराड्यापासून लांब, छपराच्या उत्तर अंगाला निजले.

फेब्रुवारीत मिलीस आली, जर्मनांना मिळालेली आमच्याच लोकांची सशस्त्र टोळी. जर्मनांचे हे देशी कुत्रे माझ्या नवऱ्याला, सेव्हरँला शोधत होते. त्यानं खालच्या घाटातला पूल उडवला होता. वळणावर चार माणसं दिसली तेव्हा पळायला वेळच नव्हता. सेव्हरँ शिडीनं वर गेला, पाय पोटाशी घेऊन बापाच्या छातीआड पडला आणि मी मागोमाग चढून त्याच्यावर बर्फ लोटला.

पुढे होता फेरेओल. शेजारच्या ओनोरीनबाईंचा मुलगा, सेव्हरँचा लंगोटीयार. घरचा भेदी म्हणतात तो असा.

"नवरा कुठाय तुझा?" त्यांच्या नायकानं विचारलं.

"तुम्हाला सापडला तर सांगा त्याला, लाकडं फोडायची राहिलीत म्हणावं."

बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. समोरचे दोन दात जिभेवर आले. दुसऱ्यानं केस धरून मला उंबऱ्यावर आपटलं. फेरेओल मख्खासारखा बघत राहिला.

"छपरावर काय आहे?"

"म्हातारा," फेरेओल म्हणाला. "आमच्यात असंच ठेवतात."

"घाल त्याला गोळ्या. खात्री केलेली बरी."

फेरेओल चढला. तीन बार झाले. माझं तोंड रक्तानं भरलं होतं, म्हणून किंकाळी बाहेर पडली नाही.

"मेलेलाच आहे!" तो वरून ओरडला. खालचे हसले आणि निघून गेले.

सेव्हरँ निळा पडून खाली उतरला. अंगावर ओरखडाही नव्हता.

"माझ्या श्वासानं बर्फाला भोक पडलं होतं, झेली. त्यातून माझ्या डोळ्यांत बघितलं त्यानं. बघितलं आणि बार काढले. नेम चुकला हरामखोराचा. इनाम एकट्याला हवं असेल, आता परत येईल."

आला. दुसऱ्या दिवशी दुपारी.

"वहिनी, दार उघडा. एकटाच आहे मी."

मी कडी काढली. दाराआडून सेव्हरँनं गवत कापायचा सुरा त्याच्या मानेत घातला. एका घावात तो मेला नाही. मान दाबून धरत काहीतरी बोलू पाहत होता. त्याचे हात ओढून मीच खाली धरले, तेव्हा दुसरा घाव नीट बसला. त्यालाही चादरीत शिवून सासऱ्यांशेजारी बर्फात पुरला. गाव म्हणालं, हिमलोटानं नेला.

मे महिन्यात आम्ही खड्डा खणला, गरजेपेक्षा खोल. सासऱ्यांना धुवायला चादर उसवली. तीनही गोळ्या एकाच पावलात होत्या, बोटबोट अंतरावर. दोनशे पावलांवरून रानबकरा टिपणारा फेरेओल, आणि छाती सोडून पाऊल! मी सेव्हरँला हाक मारली. त्यानं तीनही भोकांवर बोट ठेवून पाहिलं.

"शिव परत," एवढंच म्हणाला.

खड्ड्यात तळाशी फेरेओलला ठेवला, त्यावर माती, त्यावर सासरे.

दफनाला ओनोरीनबाई आल्या. हिमलोटाच्या ढिगात रोज काठी खुपसून त्यांचे तळवे सोलले होते. त्यांनी मूठभर माती टाकली.

"आन्तेल्मला जागा मिळाली बाई एकदाची. बर्फ वितळला की माझाही सापडेल, नाही का गं?"

"सापडेल, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी आणखी एक मूठ टाकली.