जिवंत खडा

शंखाची बटणं करणाऱ्या कारखान्याच्या आवारात माणसं टाचा उंचावून उभी होती. टेबलावर मखमल, मखमलीवर काचेची बशी आणि बशीतल्या पाण्यात नखाएवढा पांढरा खडा. कुणी हात न लावता तो सरकत होता.

"खडा नव्हे, जीव आहे तो!" अत्तराचा फवारा मारत महाराज म्हणाले. "समुद्राच्या तळाशी तप केलंय त्यानं. पापणीखाली ठेवला की कचरा हुडकतो, गिळतो आणि मुकाट बाहेर येतो. डॉक्टरसारखा चाकू नाही मागत!"

लोक खुशीत हसले. कारखान्यात बटणं घासणाऱ्या पॉलिशवालीला हसूही आलं नाही आणि भीतीही वाटली नाही. शंख कापताना नवऱ्याच्या डोळ्यात कपची उडाली, तेव्हापासून ती आतून लाकूड झाली होती. नवरा डोळ्यावर रुमाल धरून स्टुलावर बसला होता. दवाखान्यात सुईचं नाव ऐकून पळून आला, तो महाराजांची वाट बघत राहिला.

"वहिनी, हो म्हण की! दादाचा डोळा जाईल," नणंद कुजबुजली.

पॉलिशवाली बशीवर वाकली. अत्तराच्या आड व्हिनेगरचा भपका होता. तिनं खडा उचलून उलटा केला. चपट्या बाजूला तपकिरी वेटोळं! समुद्री गोगलगाय शंखात शिरली की शंखाच्या तोंडाला लावून घेते, ते झाकण. कारखान्यात असली झाकणं रोज केरात जात. मखमलीवर चढलं म्हणून कुणी ओळखलं नव्हतं.

तिनं खडा परत ठेवला, केराच्या टोपलीतलं एक झाकण धुऊन शेजारी सोडलं. बारीक बुडबुडे आले आणि तेही निघालं चालायला.

"आमच्या केरानं कधी तप केलं, महाराज?"

"माझ्या खड्याची संगत लागली त्याला, ताई."

"बरं." तिनं बशी रिकामी केली, नळाचं पाणी भरलं, दोन्ही झाकणं धुऊन त्यात ठेवली. दोन्ही ढिम्म. "आता कुणाची संगत? हे चुन्याच्या जातीचं. व्हिनेगर लागलं की वायू सुटतो, बुडबुडे त्याला उचलतात, ढकलतात. आणि हे तुम्ही डोळ्यात घालणार होतात?"

महाराज मखमल गुंडाळू लागले.

"पण वहिनी, गुण आला असता तर?"

"आणि नसता आला तर?" तिनं नवऱ्याचा दंड धरला. "चला, दवाखान्यात."

कपची निघाली. डोळा वाचला, पण उशीर झाला म्हणून त्या डोळ्यापुढे कायमचं धुकं राहिलं. पॉलिशवालीला राग आला नाही, हायसंही वाटलं नाही. सकाळी ती कामावर गेली. बघणाऱ्यांनी मात्र एवढं करावं: डोळा आपला आहे, तेव्हा चमत्कार बघताना बशीत पाणीही आपल्याच नळाचं घालावं.