शिवणखोलीवरची फांदी

धोक्याची झाडं उतरवण्यात सासऱ्यांची उभी हयात गेली होती. गुडघ्याने दगा दिला तशी चढायचं काम सुनेकडे आलं आणि सासरे खाली राहिले, दोर सांभाळायला. पण खाली उभं राहणं काही त्यांच्या अंगवळणी पडेना. सून वर पोचायच्या आत त्यांच्या सूचना वर पोचलेल्या असत.

त्या दिवशीचं झाड एका शिंपीणबाईंच्या घराला खेटून होतं. त्याची एक दांडगी फांदी थेट शिवणखोलीच्या पत्र्यावर आडवी गेली होती. "दुपारच्या आत मोकळं करून देतो," असं सासरे बाईंना सांगून बसले.

सून कमरेचा पट्टा आवळून सरसर वर गेली.

"फांदीच्या बुडाशी दोर बांध आणि एका दमात घे," सासरे खालून म्हणाले. "मागच्या खेपेला मीच बघितलंय. खणखणीत आहे."

सून फांदी ठोकून बघत होती.

"बाबा, बगलेत ढोली झालीय. हात कोपरापर्यंत आत जातोय. एका दमात घेतली तर बुडातून फाटेल. बाजूचा फाटा भरीव आहे, कप्पी तिथे लावते आणि शेंड्याकडून तुकडे करत येते."

"अगं, दिवस मोडेल त्यात."

"मोडू दे. घर मोडण्यापेक्षा बरं. आणि बाईंना आधी बाहेर काढा."

झाडावर जो असेल त्याचा शब्द शेवटचा, हे सासऱ्यांनीच तिला शिकवलं होतं. ते शिवणखोलीत गेले.

"बाई, उठा."

"एवढी बाही लावते आणि उठते."

"बाही बाहेर बसून लावा." त्यांनी हातमशीन उचललं आणि अंगणापलीकडे नेऊन ठेवलं. बाई पुटपुटत मागोमाग आल्या.

मग तुकड्यामागून तुकडा उतरत राहिला. ऊन कललं तेव्हा बुडाजवळचं थोटूक तेवढं उरलं. सुनेने दोर बांधून त्याला करवत लावली मात्र, ढोली काडकन फाटली आणि थोटूक खाली झेपावलं. दोराचे वेढे खोडाला होते, तरी सासरे दोन पावलं फरफटले. थोटूक पत्र्याच्या वीतभर वर लोंबकळत राहिलं.

"धरलंय," सासरे म्हणाले.

"दिसतंय," वरून शांत आवाज आला. "मी बाजूला ओढते, तुम्ही हळूहळू सोडा."

थोटूक अंगणात टेकलं. सासऱ्यांनी बोट घातलं तर आतलं लाकूड भिजल्या पुठ्ठ्यासारखं निघून आलं. अख्खी फांदी याच आधारावर लटकवायला निघालो होतो, हे त्यांना कळून चुकलं. पण पाठोपाठ हायसंही वाटलं. आता झाडाचा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर नव्हता.

"उरलेल्या झाडाचं काय?" बाईंनी त्यांना विचारलं. "तेही पाडायचं का?"

सासऱ्यांनी वर बोट दाखवलं. "तिला विचारा. मी खालून बघतो, मला अर्धंच दिसतं."