प्रेमदास मागे खेळतो

प्रेमदास चौदा वर्षं फुटबॉल खेळला, त्यातली सात भारताच्या संघातून. एवढ्या काळात त्याने एकही गोल केला नाही. तो मागे खेळायचा. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या पुढच्या गड्याच्या पायाशी द्यायचा, एवढंच त्याचं काम. या कामापायी तो नांदेडहून मुंबईला गेला, तिथून गोवा, कलकत्ता, लुधियाना आणि परत गोवा. ढाका, मस्कत, ताश्कंद, जकार्ता असं करत किती तरी धिप्पाड गडी त्याने अडवले.

नांदेडकडच्या गोरेगावजवळच्या त्याच्या तांड्यात मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की प्रेमदास गोल मारतो.

२००४ साली गुडघ्याने साथ सोडली आणि तो कायमचा घरी आला. होळी तोंडावर होती. तांड्याचे प्रमुख धनसिंग नायक यांनी तांड्याखालचं हरभरा निघालेलं वावर साफ करून घेतलं, बांबूचे खांब रोवले, राखेच्या रेघा ओढल्या आणि गोरेगावच्या पोरांशी सामना ठरवला. तांड्याच्या माणसाचा खेळ तांड्याने एकदा तरी पाहायला नको का?

"तीन तरी पाहिजेत बरं," नायक म्हणाले.

"तीन काय, काका?"

"गोल रे! ढाक्याला मारले व्हते न्हाई का? रूपसिंगनं घरोघर गूळ वाटला व्हता."

प्रेमदासने बापाकडे पाहिलं. रूपसिंग बैलाच्या पाठीवरची गोचीड काढण्यात एकाएकी फार गुंतून गेला होता.

नायक गेल्यावर प्रेमदास जवळ जाऊन उभा राहिला. "बा, ढाक्याला मी गोल कवा मारला?"

"मंग लोकांला काय सांगू?" रूपसिंग बैलाकडेच बघत म्हणाला. "माझं लेकरू लोकांची वाट अडवून राहिलंय, असं सांगू?"

या घराचं वळण प्रेमदासला माहीत होतं. रूपसिंगचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेला माणूस. बैल मेला तरी चालेल, पण दुसऱ्याच्या वाटेत तळ टाकायचा नाही, हे त्याने पोरानातवंडांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. वाट अडवतो तो लुटारू, नाही तर नाक्यावरचा शिपाई. रूपसिंग अजूनही पाणंदीत समोरून शेळी आली तरी बाजूला व्हायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी सुट्टीला आलेल्या प्रेमदासने अंगणात खडे मांडून आपलं काम बापाला समजावून सांगितलं होतं. रूपसिंगने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्याच बाजारात पोराचा पहिला गोल जाहीर करून टाकला. त्यानंतर त्याने खेळाबद्दल एक शब्दही कधी विचारला नाही.

"उद्या पुढं खेळ," रूपसिंग म्हणाला. "एक गोल मार न् मिटवून टाक. तो शेजारचा भावसिंग मला खोटं पाडायला टपूनच बसलाय."

"मला पुढचं येत न्हाई, बा."

"चौदा वर्षं काय केलं मंग?"

प्रश्न साधाच होता, पण प्रेमदासला तो लागला. चौदा वर्षं काय केलं, तेच बापाने एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण तो मागे उभा राहिला, तर साऱ्या तांड्यासमोर म्हातारा खोटा पडणार. रात्रभर विचार करून त्याने पुढे खेळायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अख्खा तांडा बांधावर येऊन बसला. बायका एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला. प्रेमदासच्या आईने, जिवनबाईने, पाण्याची घागर आणून बाभळीच्या सावलीत ठेवली आणि नवऱ्याशेजारी बसली.

प्रेमदास पुढे उभा राहिला खरा, पण परक्याच्या घरात शिरल्यासारखं त्याला वाटत होतं. कुठे पळावं कळेना. एकदा चेंडू अगदी आयता पायाशी आला. त्याने मारला तो खांबांवरून थेट कडब्याच्या गंजीत.

"रूपसिंग," भावसिंग ओरडला, "ढाक्याचे खांब लई उंच असतील न्हाई?"

बांधावर हशा पिकला. रूपसिंगने मान खाली घातली.

गोरेगावकडून शिवहार नावाचा किराणा दुकानदाराचा पोरगा खेळत होता. वाऱ्यासारखा पळायचा. त्याने एक गोल केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा चेंडू घेऊन सुटला. तांड्याची पोरं मागे पडली. समोर आता कोणीच नव्हतं.

प्रेमदासने काही ठरवलं नाही. त्याचे पाय आपसूक वळले. दुखरा गुडघा विसरून तो तिरका धावला, शिवहारच्या पुढे पोचला, क्षणभर थांबला आणि घसरत चेंडू काढून घेतला. शिवहार धुळीत लोळला. प्रेमदासने उठून चेंडू पुढे दिला, आणि मग पुढे गेलाच नाही. तिथेच, मागे, उभा राहिला. कितीतरी वेळाने त्याला मोकळा श्वास घेता आला.

मग त्याने बांधाकडे पाहिलं. रूपसिंग उठला होता. आता म्हातारा घरी निघाला, असं प्रेमदासला वाटलं.

पण रूपसिंगने घागरीतून तांब्या भरून घेतला आणि धोतराचा सोगा सावरत सरळ मैदानात शिरला. खेळ चालूच होता. तो शिवहारपाशी जाऊन उभा राहिला.

"पी, लेकरा."

पंच म्हणून आलेल्या गुरुजींनी शिट्टी फुंकली. "अहो मामा, खेळ चालू आहे! बाहेर व्हा!"

"चालू द्या की. ह्याला माझ्या पोरानं थांबवलंय. माझ्या आज्याच्या बैलांची रांग खिंडीत अडकली न् समोरून दुसरा तांडा आला, तर त्याला थांबवावंच लागायचं. पर पाणी पाजल्याबिगर न्हाई. माणसाला बी न् बैलाला बी."

शिवहारने गुरुजींकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि ओंजळ पुढे केली.

"रूपसिंग!" बांधावरून भावसिंगची हाक आली. "हा तर नुसता अडवूनच राहिला! गोल कवा मारणार?"

"त्यो गोल मारत न्हाई," रूपसिंग वळूनही न बघता म्हणाला. "अडवतो."

"मंग ढाक्याचे तीन?"

"ते म्या मारले!"

आता हसली ती जिवनबाईच आधी, तोंडाला पदर लावून. मग सगळा बांध हसला, भावसिंगसुद्धा.

त्यानंतर प्रेमदासने ज्याला ज्याला अडवलं, त्याच्याकडे रूपसिंग तांब्या घेऊन गेला. गुरुजींनी शिट्टी वाजवणं सोडून दिलं. शेवटी शेवटी शिवहार हात जोडायला लागला. "मामा, आता बास! पळताना पोटात पाणी हलून राहिलंय."

तांडा एका गोलने हरला. त्याचं कोणाला फारसं वाटलं नाही.

घरी जाताना प्रेमदास लंगडत होता. रूपसिंग त्याच्या चालीने हळू चालत होता.

"सगळ्यात मोठा गडी कुठं अडवला तू?" त्याने विचारलं.

"ताश्कंदला. माझ्यापेक्षा वीतभर उंच व्हता."

"पाणी दिलं का त्याला?"

"न्हाई, बा. खेळ संपल्यावर त्यानंच मला त्याची बाटली दिली."

रूपसिंग वाटेतच थांबला.

"चांगल्या घरचा असंल," तो म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला. "अजून कुणाकुणाला अडवलं, सांग."